विश्लेषण : विमानतळ झाला, पण विमाने का टिकत नाहीत? चिपी आणि मोपाच्या शेजाराचे गणित काय?

तळकोकणचा किनारा गेल्या दोन दशकांत पर्यटनाच्या नकाशावर ठळक झाला. तारकर्लीचे स्कुबा डायव्हिंग, देवबागचा संगम, भोगवे-निवतीची वाळू आणि सिंधुदुर्ग किल्ला यांसाठी येणाऱ्यांची गर्दी वाढत गेली. या पर्यटकांसाठी वेंगुर्ले तालुक्यातील चिपी-परुळे येथे विमानतळ उभा राहिला. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबईहून पहिले प्रवासी विमान तेथे उतरले. तीन वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, तीच मुंबईची सेवा बंद झाली. मधल्या काळात शेजारच्या गोव्यात मोपा विमानतळ सुरू झाला होता. रत्नागिरीत प्रवासी टर्मिनलचे काम हाती आहे, पालघरजवळ समुद्रात विमानतळ उभारण्याची चर्चा आहे. किनाऱ्यावर आणखी विमानतळ येऊ घातले असताना चिपीचा अनुभव तपासून पाहायला हवा.

चिपीची कल्पना कुठून आली?

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला आणि १९९७ मध्ये त्याला पर्यटन जिल्ह्याचा दर्जा मिळाला. पर्यटकाने येथवर यायचे कसे, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागली, पण सुट्टीच्या हंगामात तिचे आरक्षण मिळणे म्हणजे नशिबाचा भाग. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाची कथा वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही.

समोर गोव्याचे उदाहरण होते. पोर्तुगीजांनी १९५०च्या दशकात बांधलेला दाबोळी विमानतळ नौदलाच्या ताब्यात असूनही तेथे १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मनीहून पर्यटकांची चार्टर विमाने येऊ लागली. पुढे ब्रिटन आणि रशियाहून येणाऱ्या विमानांनी कळंगुट, बागा, कोलवा या गावांचे रूप पालटले. किनारा आपल्याकडेही तोच, वाळू त्याहून स्वच्छ. मग विमान आले की हॉटेले येतील आणि हॉटेले आली की रोजगार येईल, असा साधा हिशेब सिंधुदुर्गात मांडला गेला. तो चुकीचा नव्हता, फक्त त्यातली एक बाब नजरेआड राहिली. गोव्यात पर्यटक आधीपासून जगभरातून येत होते आणि चार्टर विमाने त्यांच्या मागोमाग आली. चिपीत आधी धावपट्टी आली.

जागा म्हणून परुळ्याजवळचा सडा निवडला गेला. मालवण आणि वेंगुर्ले यांच्या साधारण मध्यावर, समुद्रापासून जवळ आणि जांभ्या दगडाचा सपाट माथा असल्याने ती सोयीची होती. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने म्हणजे एमआयडीसीने जमीन दिली आणि आयआरबी या रस्तेबांधणीतील खासगी कंपनीच्या उपकंपनीने विमानतळ बांधून चालवण्याची जबाबदारी घेतली. धावपट्टी अडीच हजार मीटर लांबीची झाली. या लांबीच्या धावपट्टीवर एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ या वर्गातील विमानेही उतरू शकतात. म्हणजे चिपीची अडचण धावपट्टी तोकडी असल्याची नाही, हे सुरुवातीलाच लक्षात घेतलेले बरे.

उद्घाटन दोनदा का झाले?

सप्टेंबर २०१८ मध्ये गणेशोत्सवाच्या तोंडावर चिपीत चाचणी विमान उतरले, त्यातून गणेशमूर्तीही आणली गेली. त्यानंतर ५ मार्च २०१९ रोजी, लोकसभा निवडणुकीच्या घोषणेच्या काही दिवस आधी, तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि केंद्रीय मंत्री सुरेश प्रभू यांच्या उपस्थितीत उद्घाटन झाले. पण विमानतळाला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा म्हणजे डीजीसीएचा परवाना लागतो. धावपट्टीचा पृष्ठभाग, सुरक्षा पट्टे, अग्निशमन, संरक्षक भिंत, दिवे, हवामान यंत्रणा यांतील प्रत्येक त्रुटी दूर झाल्याशिवाय तो मिळत नाही. त्यात करोनाची साथ आली. परवाना मिळून प्रत्यक्ष सेवा सुरू होईपर्यंत अडीच वर्षांहून अधिक काळ गेला आणि ९ ऑक्टोबर २०२१ रोजी दुसरे उद्घाटन झाले. त्या व्यासपीठावर तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे आणि केंद्रीय मंत्री नारायण राणे यांच्यात रंगलेली श्रेयाची जुगलबंदी अनेकांना आठवत असेल. त्या दिवशी विमानाच्या अर्थकारणावर फारसे कोणी बोलले नाही.

‘उडान’ योजनेने नेमके काय दिले?

चिपीला पहिले विमान मिळाले ते केंद्राच्या ‘उडान’ म्हणजे प्रादेशिक हवाई जोडणी योजनेमुळे. ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झालेल्या आणि एप्रिल २०१७ मध्ये सिमला-दिल्ली मार्गावर सुरू झालेल्या या योजनेची रचना समजून घेतली तर चिपीत पुढे काय घडले याचा उलगडा होतो.

लहान शहरांच्या मार्गावर विमान कंपनीला तोटा होणार हे सरकार गृहीत धरते. कंपनीने विमानातील साधारण निम्म्या जागा ठरावीक कमाल भाड्यात विकायच्या. तासाभराच्या प्रवासासाठी सुरुवातीला ही मर्यादा अडीच हजार रुपयांच्या आसपास होती. त्यातून येणारी तूट सरकार भरून देते. या ‘व्यवहार्यता तूट निधी’चा ८० टक्के भार केंद्राकडील निधीतून आणि २० टक्के राज्याकडून उचलला जातो. केंद्राच्या निधीसाठी मोठ्या शहरांच्या मार्गांवरील उड्डाणांवर अधिभार लावला जातो. म्हणजे मुंबई-दिल्ली तिकीट काढणारा प्रवासी नकळत मुंबई-चिपी तिकिटाला हातभार लावत असतो. त्याशिवाय राज्याने इंधनावरील कर एक टक्क्यापर्यंत खाली आणायचा, सुरक्षा आणि अग्निशमन सेवा मोफत द्यायची, वीज-पाणी सवलतीत पुरवायचे. कंपनीला त्या मार्गावर तीन वर्षे मक्तेदारी मिळते.

यातली कळीची अट विमानतळाबाबतची आहे. योजनेतील उड्डाणांकडून विमान उतरण्याचे आणि थांबण्याचे शुल्क घ्यायचे नाही. मोठ्या विमानतळाला त्याची झळ लागत नाही, कारण तेथे योजनेबाहेरची शेकडो विमाने शुल्क भरत असतात. चिपीसारख्या ठिकाणी मात्र जे एकमेव विमान येते, त्याच्याकडून हे पैसे घेता येत नाहीत. दुकाने, खाद्यपदार्थांचे गाळे, वाहनतळ, जाहिराती यांतून कमाई करावी, तर दिवसाला शंभर-दीडशे प्रवाशांवर कोणता गाळा चालणार? अग्निशमनाचे बंब, सुरक्षा रक्षक, हवाई नियंत्रण, धावपट्टीची देखभाल हा खर्च मात्र एक विमान आले काय किंवा दहा आली काय, जवळपास तेवढाच राहतो.

आकडेमोड करून पाहू. अलायन्स एअरने या मार्गावर एटीआर ७२ जातीचे, साधारण ७० आसनांचे विमान वापरले. ते वर्षाचे ३६५ दिवस एकही फेरी न चुकवता, दर वेळी खचाखच भरून आले, तरी वर्षभरात २५ हजार ५५० प्रवासी चिपीत उतरतील. कोकण रेल्वेवरच्या एका लांब पल्ल्याच्या गाडीतून एका फेरीत हजाराहून अधिक माणसे जातात. म्हणजे विमान वर्षभरात जेवढे आणेल, तेवढे प्रवासी एक गाडी महिन्याभरात आणते. ही तुलना विमान निरुपयोगी ठरवण्यासाठी केलेली नाही. गोव्यासारखे पर्यटन उभे करायचे तर दिवसाला एक लहान विमान पुरत नाही, एवढेच त्यातून दिसते.

तीन वर्षे सरल्यावर काय झाले?

अनुदानाची मुदत संपली आणि मुंबई-सिंधुदुर्ग सेवा थांबली. स्थानिक पातळीवर त्याचा राग विमान कंपनीवर निघाला, लोकप्रतिनिधींवर निघाला. पण हे केवळ चिपीत घडले असे नाही. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक म्हणजे ‘कॅग’ने २०२३ मध्ये ‘उडान’ योजनेवर अहवाल दिला. योजनेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत ७७४ मार्ग मंजूर झाले होते. त्यांतील ४०३ मार्गांवर विमान उडालेच नाही. जे ३७१ मार्ग सुरू झाले, त्यांतील फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली. आणि अनुदान संपल्यानंतरही मार्च २०२३पर्यंत चालू राहिलेले मार्ग होते अवघे ५४.

या हिशेबात चिपी-मुंबई मार्ग तीन वर्षे टिकलेल्या अल्पसंख्य मार्गांपैकी होता. अनुदानाशिवाय उभे राहण्याची पायरी मात्र त्याला चढता आली नाही. मुंबईची सेवा थांबण्याच्या सुमारास आशेची एक जागा होती ती ‘फ्लाय ९१’ या नव्या कंपनीची. तिने २०२४ मध्ये बेंगळूरु, हैदराबाद आणि ऑगस्टअखेर पुण्याहून चिपीला एटीआर विमाने सुरू केली. गंमत अशी की या कंपनीचे मुख्य ठाणे मोप्याला आहे.

मोपाने चिपीचे गणित कसे बदलले?

गोव्यातील पेडणे तालुक्यातील मोपा पठार महाराष्ट्राच्या हद्दीला जवळजवळ खेटून आहे. तेथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमाने उडू लागली. चिपीला पहिले विमान आले त्यानंतर सव्वा वर्षाने. चिपी आणि मोपा यांच्यातील सरळ रेषेतील अंतर पन्नास किलोमीटरपेक्षाही कमी आहे.

येथे वाचकाला प्रश्न पडेल, की इतक्या जवळ दोन नवे विमानतळ उभारायला परवानगी मिळाली कशी? केंद्राच्या २००८ च्या हरितक्षेत्र विमानतळ धोरणानुसार, अस्तित्वातील नागरी विमानतळापासून दीडशे किलोमीटरच्या आत नवा विमानतळ सहसा होऊ नये. झालाच तर जुन्या विमानतळावरील परिणाम तपासून केंद्राने स्वतंत्र निर्णय घ्यावा. पण मोपाला तत्त्वतः मान्यता मिळाली ती मार्च २००० मध्ये, या धोरणाच्या आठ वर्षे आधी. तेव्हा मोपा झाल्यावर दाबोळीवरील नागरी वाहतूक बंद करण्याची अट होती. दक्षिण गोव्यातील विरोधानंतर २०१० मध्ये ती शिथिल झाली आणि दोन्ही विमानतळ चालू ठेवण्याचे ठरले. परिणामी दाबोळी, मोपा, चिपी अशी तीन ठिकाणे एकाच किनाऱ्यावर, साधारण शंभर किलोमीटरच्या पट्ट्यात आली. प्रत्येकाला स्वतंत्रपणे हिरवा कंदील मिळाला. तिघांच्या एकत्रित प्रवाशांचा विचार कोणत्या टेबलावर झाला, हे शोधूनही सापडत नाही. दोन राज्ये, दोन सरकारे आणि मध्ये तेरेखोलची खाडी.

मोपाच्या पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला ४४ लाख प्रवाशांची आहे आणि धावपट्टी साडेतीन किलोमीटरची. मोठी विमाने, रात्रीची उड्डाणे, इंधनाची सोय, देशातील बहुतेक मोठ्या शहरांतून रोजची ये-जा, शिवाय महामार्गाला जोडणारा स्वतंत्र रस्ता, हे सारे तेथे आहे. दाबोळीत नौदलाच्या सरावामुळे सकाळच्या वेळांवर बंधने येतात, मोपाला ती नाहीत. त्यामुळे दाबोळीचीही वाहतूक मोपाकडे सरकू लागली. काही परदेशी विमान कंपन्यांनी तळ हलवला आणि दक्षिण गोव्यात ‘दाबोळी वाचवा’ अशी ओरड सुरू झाली. जेथे वर्षाला लाखो प्रवासी आहेत त्या दाबोळीची ही अवस्था, तर चिपीची काय होणार?

सिंधुदुर्गाच्या नकाशाकडे पाहिले तर चिपीचे हक्काचे क्षेत्र किती आक्रसले हे कळते. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग, शिरोडा, रेडी या दक्षिण टोकाच्या गावांना मोपा सोयीचा आहे. उरले मालवण, कुडाळ, वेंगुर्ल्याचा उत्तर भाग आणि कणकवली. कणकवलीला जून २०२३ पासून मुंबई-मडगाव वंदे भारत थांबते आणि ती मुंबईहून साधारण सहा तासांत पोहोचते.

मालवणला जाणारा पर्यटक चिपीऐवजी मोपा का निवडतो?

अंतर पाहिले तर त्याने चिपीच निवडायला हवे. चिपीहून कर्ली खाडीवरचा पूल ओलांडला की मालवण पाऊण तासाच्या आत येते. मोप्याहून दोन तास लागतात. तरीही दिल्ली, बेंगळूरु, अहमदाबादचा पर्यटक मोपाकडे वळतो, याला कारणे आहेत आणि ती तिकिटाच्या दरापुरती नाहीत.

पहिले कारण खात्रीचे. मोप्याला एक विमान रद्द झाले तर त्याच दिवशी दुसरे मिळते. चिपीला दिवसाचे, किंवा आठवड्यातल्या ठरावीक दिवसांचे एकच विमान असते. ते रद्द झाले की सुट्टीच मोडली. आणि चिपीत विमान रद्द होण्याचे प्रमाण हा प्रवाशांच्या तक्रारीचा नेहमीचा विषय राहिला आहे. किनाऱ्यालगतच्या उंच सड्यावर पावसाळ्यात ढग खाली उतरतात, दृश्यमानता अचानक घसरते. मोठ्या विमानतळांवर उपकरणांच्या साहाय्याने वैमानिकाला धावपट्टीची दिशा आणि उंची कळत राहते. ही व्यवस्था नसेल तर वैमानिकाला धावपट्टी डोळ्यांनी दिसावी लागते. ती दिसली नाही की विमान घिरट्या घालून माघारी फिरते.

दुसरे कारण वेळांचे. मुंबई विमानतळावरच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तेथील गर्दीच्या तासात विमानाला मिळणारी वेळ, म्हणजे ‘स्लॉट’, सोन्याच्या भावाची. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर गर्दीच्या तासांतील उड्डाणे आणखी कमी करण्यात आली. १८० आसनांच्या विमानाला बाजूला सारून ७० आसनांच्या एटीआरला सकाळी सातची वेळ कोण देणार? त्यामुळे चिपीच्या वाट्याला येते ती भर दुपार. परदेशातून किंवा उत्तर भारतातून मुंबईत उतरून पुढे चिपीला जाऊ पाहणाऱ्याला ती सोयीची असेलच असे नाही.

तिसरे कारण हंगामाचे, आणि ते सर्वांत अवघड. मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत समुद्र खवळलेला असतो. जलक्रीडा बंद, किल्ल्याची होडी सेवा बंद. पर्यटनाचे तीन महिने गेले. मग गणपती येतात. तेव्हा चाकरमानी कोकणात येतो आणि विमान भरून येते, पण परतीला रिकामे. पाच-सात दिवसांनी उलट चित्र. दिवाळी, नाताळ, मे महिना असे हंगामाचे तुकडे जोडून वर्ष भरत नाही. विमान कंपनीला वर्षभर दोन्ही बाजूंनी भरलेले विमान लागते आणि ती गर्दी व्यापारी, अधिकारी, रुग्ण, विद्यार्थी यांच्या नित्याच्या प्रवासातून तयार होते. सिंधुदुर्गात मोठा उद्योग नाही, लोकसंख्याही विरळ. आणि उपचारासाठी येथील रुग्ण अजूनही बांबोळीच्या सरकारी रुग्णालयाकडे, म्हणजे गोव्याकडेच धाव घेतो.

राहिला विमानतळाबाहेर पडल्यावरचा प्रश्न. दिवसाला एकच विमान असल्याने टॅक्सीवाला तेथे थांबून राहू शकत नाही. तो बोलावल्यावर येतो आणि रिकाम्या फेरीचे पैसेही धरतो. प्रवाशाला दर जास्त वाटतो, टॅक्सीवाल्याला धंदा परवडत नाही. दोघांचेही बरोबर असते.

हापूस आणि मासळीची वाहतूक होईल, असे म्हटले जात होते, त्याचे काय?

एटीआर विमानाच्या सामानकक्षात प्रवाशांच्या बॅगा ठेवल्यावर फार जागा उरत नाही. आंब्याच्या निर्यातीचा मार्गही वेगळा आहे. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यावर विकिरण प्रक्रिया करावी लागते आणि त्याची केंद्रे वाशी व लासलगावला आहेत. देवगडचा आंबा परदेशी जायचा तर तो आधी ट्रकने वाशीला जातो आणि तेथून मुंबईच्या विमानाने. प्रक्रिया केंद्र आणि शीतगृह जिल्ह्यात आल्याशिवाय चिपीतून आंबा उडण्याची शक्यता कमी.

असे अन्यत्र कुठे घडले आहे?

श्रीलंकेतील हंबनटोटाजवळचा मत्तला विमानतळ मार्च २०१३ मध्ये सुरू झाला. खर्च सुमारे २१ कोटी डॉलर, त्यातला बहुतांश चीनचे कर्ज. दक्षिण किनाऱ्यावरचे पर्यटन आणि यालाचे अभयारण्य डोळ्यांसमोर ठेवून वर्षाला दहा लाख प्रवाशांसाठी तो बांधला गेला. दोन वर्षांत श्रीलंकेच्या सरकारी विमान कंपनीने तेथून काढता पाय घेतला आणि काही काळ विमानतळाच्या गोदामात भात साठवला गेला. स्पेनमधील कास्तेयोन विमानतळाचे उद्घाटन मार्च २०११ मध्ये झाले, पहिले नियमित प्रवासी विमान आले सप्टेंबर २०१५ मध्ये. मधली साडेचार वर्षे प्रवेशद्वारावरचे भव्य शिल्प तेवढे पाहण्यासारखे होते. जवळच व्हॅलेन्सियाचा जुना विमानतळ व्यवस्थित चालत होता, हे येथे मुद्दाम नोंदवायला हवे.

उलट उदाहरणही आहे. पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावर १९६५ मध्ये फारो विमानतळ सुरू झाला आणि आल्गार्व हा मच्छीमारांचा गरीब प्रदेश पुढच्या काही दशकांत युरोपातील गजबजलेले सुट्टीचे ठिकाण बनला. तेथे शेजारी दुसरा मोठा विमानतळ नव्हता. राजधानी लिस्बन दोन-अडीचशे किलोमीटर दूर होती आणि ब्रिटनमधील सहल कंपन्या विमान आणि हॉटेल एकत्र विकत होत्या. सिंधुदुर्गात यातली शेवटची गोष्ट अजूनही करता येण्यासारखी आहे. तारांकित हॉटेले मोजकी असली तरी मालवण-तारकर्ली पट्ट्यात घरगुती निवासांची मोठी संख्या आहे. पण त्यांच्या वतीने विमानाच्या जागा आगाऊ उचलून सहल विकणारी यंत्रणा नाही. शिरोडा-वेळागरच्या पंचतारांकित हॉटेलचा प्रकल्प तर कित्येक वर्षे चर्चेतच राहिला.

सड्यावरच्या जमिनीचे आणि पाण्याचे काय?

कोकणचा सडा सरकारी कागदावर अनेकदा पडीक म्हणून नोंदलेला असतो. गावाच्या दृष्टीने तो गुरांचे कुरण असतो, पावसाळ्यात नाचणीचे शेत असतो आणि मुख्य म्हणजे पाण्याची टाकी असतो. जांभा सच्छिद्र असल्याने माथ्यावर पडलेला पाऊस मुरतो आणि पायथ्याच्या झऱ्यांना, विहिरींना उन्हाळ्यात पुरतो. माथ्यावर अडीच-तीन किलोमीटरची धावपट्टी आणि काँक्रीट आले की मुरणारे पाणी गटारातून एकदम खाली येते. पायथ्याची शेते पावसाळ्यात वाहून जातात, विहिरी मार्चमध्ये आटतात.

मोपाच्या पठारावरील झऱ्यांबाबत हीच भीती स्थानिकांनी मांडली होती. पर्यावरण मंजुरी घेताना वनक्षेत्र, झाडे आणि परिसरातील संवेदनशील प्रदेशांची पूर्ण माहिती दिली गेली नाही, असा ठपका ठेवून सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी ती मंजुरी स्थगित केली. नव्याने छाननी झाल्यानंतर, अधिक अटी घालून आणि ‘नीरी’ संस्थेच्या देखरेखीखाली १६ जानेवारी २०२० रोजी काम सुरू करण्यास मुभा मिळाली. नव्या विमानतळांसाठी हा निकाल आजही महत्त्वाचा आहे. सड्यावर काय आहे हे आधी मोजा, मग मंजुरी मागा, असे न्यायालयाने सांगितले आहे.

चिपी-परुळे परिसरातील ज्या कुटुंबांची जमीन गेली, त्यांनी दोन आशा धरल्या होत्या. एक मोबदल्याची, दुसरी रोजगाराची. मोबदला एकदाच मिळतो. रोजगार विमानांच्या संख्येवर अवलंबून असतो आणि एका एटीआरमागे लागणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकीच. उरलेली मंडळी रिक्षा, खानावळ, निवास न्याहरी अशा जोडधंद्यांसाठी कर्ज काढून बसली असतील, तर विमान बंद झाल्याचा पहिला फटका त्यांना बसतो. दरम्यान, या विमानतळाला वेंगुर्ल्याचे सुपुत्र बॅरिस्टर नाथ पै यांचे नाव देण्याचा प्रस्ताव राज्याने पुढे नेला. नावाबाबत सर्व पक्षांत एकमत होऊ शकते, हेही थोडके नाही.

आता कोणत्या गोष्टी ठरवतील चिपीचे भवितव्य?

नवी मुंबई विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. मुंबईतील ‘स्लॉट’ची कोंडी त्यामुळे काही अंशी फुटू शकते. सकाळी लवकर नवी मुंबईहून निघून चिपीला नऊच्या आत पोहोचणारे आणि संध्याकाळी परतणारे विमान मिळाले, तर शनिवार-रविवारची सहल करणारा मुंबईकर आणि कामासाठी मंत्रालयात जाणारा सिंधुदुर्गवासी, दोघांनाही ते उपयोगी पडेल. त्यासाठी चिपीत अंधारात आणि ढगाळ हवेत विमान उतरवण्याची सोय रोजच्या वापरात असणे आवश्यक आहे. केंद्राने फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात ‘उडान’च्या सुधारित आवृत्तीत आणखी १२० ठिकाणे जोडण्याची घोषणा केली. पण तीन वर्षांच्या अनुदानाचा जुनाच साचा राहिला तर चौथ्या वर्षीचा प्रश्न तसाच उभा राहील. राज्याला स्वतःच्या तिजोरीतून तूट भरून देण्याचा मार्ग मोकळा आहे. मात्र तो घेताना एका प्रवाशामागे किती रुपये खर्च होतात आणि तेवढ्याच पैशांत महामार्ग, कुडाळ-मालवण रस्ता किंवा जिल्हा रुग्णालय किती सुधारते, हा हिशेब जाहीर व्हायला हवा.

दुसरी घडामोड उत्तरेकडे आहे. रत्नागिरीत तटरक्षक दलाच्या तळावर धावपट्टी आधीपासून आहे आणि महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी तेथे प्रवासी टर्मिनल उभारते आहे. धावपट्टी जुनी असल्याने नव्या विमानतळासाठीचा दीडशे किलोमीटरचा निकष तेथे आडवा येत नाही. रत्नागिरी आणि चिपी यांच्यातील सरळ रेषेतील अंतर सुमारे ११५ किलोमीटर आहे. तेथून मुंबईचे विमान सुरू झाले की गणपतीपुळे आणि राजापूरचा प्रवासी रत्नागिरीकडे जाईल. देवगड, विजयदुर्गचा प्रवासी कोणत्या विमानतळावर जाईल, हे तेव्हाच्या वेळापत्रकावर ठरेल. महाराष्ट्राने रत्नागिरी, चिपी आणि पालघरच्या नियोजित विमानतळाचा एकत्रित आराखडा करायचा, तर त्यात राज्याबाहेरच्या मोपाचे प्रवासीही मोजावे लागतील.